आंबेनळी घाट आणि हायब्रिडची पाऊण युनिटाची बॅटरी

हायब्रिड गाडी शहरात पैसे वसूल करते, घाटात तिचा काही उपयोग नाही, असं गाडी घेताना मला बऱ्याच जणांनी सांगितलं. आमचं पुण्याहून महाडला सारखं जाणं-येणं असतं. ताम्हिणीतून जवळ पडतं, पण वाईला आत्याकडे थांबायचं म्हणून आम्ही पसरणी घाट, महाबळेश्वर आणि आंबेनळी असे जातो. या रस्त्यावर गाडी चालवून माझं मत ठाम झालंय: घाटमाथ्यावर पोचताना बॅटरी शक्य तितकी उतरलेली हवी, म्हणजे उतारावर ती भरायला जागा राहते. बाकी सगळं त्यानंतर.

माझी गाडी टोयोटा हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोलवर आणि थोडा वेळ नुसत्या विजेवरही चालणारी. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, सोबत मोटर आणि ०.७६ किलोवॅट-तासाची, म्हणजे विजेच्या बिलाच्या भाषेत पाऊण युनिटाची बॅटरी. ती बाहेरून चार्ज करायची नसते; इंजिन चालताना आणि उतारावर ब्रेक दाबला की मोटरच ती भरते. त्यातही गाडीचा कॉम्प्युटर ती पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही.

मी एकदा वहीवर हिशोब मांडला. चार माणसं आणि सामान धरून गाडी साधारण सोळाशे किलो. ती शंभर मीटर खाली आली की ०.४४ युनिट ऊर्जा मोकळी होते. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास, आणि घाटाच्या पायथ्याचं पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला. म्हणजे आंबेनळी उतरताना पाच युनिटांच्या वर ऊर्जा मिळते. त्यातली बरीच टायर आणि हवेच्या रोधात जाते, तरी उरलेली बॅटरीत मावत नाही. वर भरल्या बॅटरीने पोचलो, तर पहिल्या काही वळणांतच जागा संपते.

म्हणून तयारी पसरणीपासूनच सुरू होते. वाई सोडली की चढावर इंजिन मोठ्याने ओरडतं. वेग चाळीस आणि आवाज मात्र ऐंशीचा. नव्या माणसाला वाटतं, काहीतरी बिघडलंय. तसं काही नसतं. या गाडीत ठरावीक गिअर नाहीत, इंजिन त्याला सोयीच्या फेऱ्यांवर फिरतं आणि मोटर त्याला हात देते. तेव्हा अॅक्सिलरेटर स्थिर ठेवायचा, पुढच्या एसटीपासून भरपूर अंतर ठेवायचं. चढाच्या वळणावर थांबून पुन्हा निघणं सगळ्यात महाग पडतं. ईव्ही मोडचं, म्हणजे नुसत्या विजेवर चालवायचं बटण चढावर मी दाबतच नाही. मीटर तेव्हा दहा-बाराचं अॅव्हरेज दाखवतो. लिटरला २७.९७ किलोमीटर हा एआरएआय या चाचणी संस्थेचा आकडा डोक्यात ठेवून त्याच्याकडे बघितलं तर जीव नुसता खाली-वर होतो, म्हणून मी तो स्क्रीनच बदलून ठेवते आणि ऊर्जा कुठून कुठे जातेय ते चित्र लावते.

पाचगणी ते महाबळेश्वर ही माझी आवडती वाट. चढ-उतार सौम्य, त्यामुळे पाय जरा सैल सोडला की इंजिन बंद. पुढे वेण्णा तलावाजवळ सुट्टीच्या दिवशी हमखास कोंडी असते. तिथे गाडी विजेवर सरकत राहते, एसीही बॅटरीवरच चालतो, आणि स्क्रीनवरच्या बॅटरीच्या कांड्या उतरत जातात. धुक्यात काच पुसत बसावं लागत नाही, हा वेगळा फायदा. गावातून बाहेर पडून प्रतापगडाच्या रस्त्याला लागेपर्यंत दोन-तीनच कांड्या उरल्या असतील, तर मला हवं ते जमलं.

मग उतार. बाबा शेजारी बसले की एकदा तरी म्हणतातच, "अगं, न्यूट्रल टाक, पेट्रोल वाचेल."

"बाबा, न्यूट्रलमध्ये ही चार्जच होत नाही. आणि इंजिनाचा ब्रेकही जातो."

कुठल्याही गाडीत घाटात न्यूट्रल नकोच, हायब्रिडमध्ये तर दुहेरी तोटा. मी डी (ड्राइव्ह) मध्येच राहते आणि वळण दिसलं की लवकर, हलका, लांब ब्रेक दाबते. सुई 'चार्ज'च्या पट्ट्यात राहील इतकाच. तेवढ्या दाबाला मोटरच जनित्र होऊन गाडी अडवते, ब्रेक पॅड जवळजवळ लागतच नाहीत. जोरात दाबला की पॅड लागले, आणि ती ऊर्जा उष्णता होऊन गेली. खालून एसटी किंवा ट्रक चढत असेल तर अरुंद जागेच्या आधी थांबायचं. चढणाऱ्याला आधी वाट हा नियमही आहे, आणि थांबताना आपल्याला थोडं चार्जिंगही मिळतं.

कांड्या भरत आल्या की गिअरची लिव्हर बी वर, म्हणजे इंजिनाने वेग आवरायच्या मोडवर. इंजिन अचानक गुरगुरायला लागतं, पण तेव्हा पेट्रोल जळत नाही. चाकांच्या जोरावर इंजिन फिरतं आणि वेग आवरला जातो. घाट सुरू होतानाच बी लावणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही, कारण बॅटरीत जाऊ शकणारी ऊर्जा इंजिन फिरवण्यात खर्ची पडते. मात्र पावसात, रस्ता निसरडा आणि उतार तीव्र असेल, तर कांड्यांचा विचार बाजूला ठेवून मी आधीच बी लावते.

परतीचा चढ मात्र लांबलचक आहे. बॅटरी पहिल्या काही किलोमीटरांतच संपते आणि पुढे भार इंजिनावर. त्यामुळे मी अॅव्हरेज पुणे ते पुणे असं, टाकी फुल करून मोजते. तसं मोजलं की आंबेनळी धरूनही वीसच्या वरच येतं.