हिरोशिमाचा डबा, साताऱ्याचे पेढे

मुलीच्या शाळेतून बोलावणं आलं तेव्हा मी साडी नेसून, हळदीची डबी आणि रांगोळीचे रंग पिशवीत घालून गेले. इथे प्राथमिक शाळेत इतर देशांची ओळख करून देणारे तास असतात, परदेशी पालकांना त्यासाठी बोलावतात. सहावीचा वर्ग होता. रांगोळी झाली, हळदीचा वास घेऊन झाला, सगळ्यांचं एकसुरात "नमस्कार" म्हणून झालं. मग बाईंनी विचारलं, काही शंका? खिडकीजवळच्या एका मुलाने हात वर केला.

"भारताकडे अणुबॉम्ब आहेत ना? कशासाठी आहेत?"

आवाजात राग नव्हता. हळद कुठे पिकते असं विचारावं, तसंच विचारलं त्याने. पण ते विचारलं हिरोशिमात.

शेजारी देश, सुरक्षा, १९७४ आणि १९९८ चं पोखरण, हे सगळं मला सांगता आलं असतं. थोडं सांगितलंही. पण डोळ्यांपुढे भलतंच उभं राहिलं. मे १९९८, साताऱ्यातली आमची गल्ली, शाळेला सुट्टी. मी तेव्हा या मुलांएवढीच, बारा वर्षांची. संध्याकाळी घरात कंदी पेढ्यांचा पुडा आला आणि आम्ही पोरांनी दारोदार जाऊन तो वाटला. मी वर्गात तेच सांगितलं. आमच्याकडे आनंदाची बातमी आली की गोड वाटतात, आणि त्या दिवशी आम्ही गोड वाटलं.

वर्ग गप्प झाला. बाई पुढे आल्या. मला वाटलं, आता विषय बदलतील. त्या म्हणाल्या, "जे ऐकलंत त्यावर वहीत लिहा. पाच मिनिटं."

शांततेचं शिक्षण म्हटलं की पूर्वी मला फक्त भाषणं आठवायची. इथे सहा वर्षं राहिल्यावर एक डबा आठवतो. शांतता स्मारक संग्रहालयात काचेमागे ठेवलेला, शिगेरू ओरिमेन नावाच्या शाळकरी मुलाचा. ६ ऑगस्ट १९४५ ला तो बाकीच्या मुलांबरोबर घरं पाडून मोकळी जागा करायच्या कामावर गेला होता. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून शहरभर ही कामं चालू होती आणि त्यासाठी हजारो विद्यार्थी जुंपले होते. सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला. तीन दिवसांनी आईला मुलाचा देह सापडला आणि त्याच्या खाली हा डबा. आतलं अन्न जळून कोळसा झालेलं. डब्यात घरच्या शेतातलं पहिलं पीक होतं आणि तो खूश होऊन घरातून निघाला होता.

मी रोज सकाळी मुलीचा डबा भरते. त्या काचेपुढे मला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्या वर्षअखेरपर्यंत या शहरात अंदाजे १ लाख ४० हजार माणसं गेली. हा आकडा शाळेत शिकवतात, पण मुलांच्या लक्षात राहतो डबा.

जे वाचले त्यांचं सरासरी वय आता ८५ च्या पुढे गेलंय. ते गेल्यावर सांगणार कोण? म्हणून महापालिकेने २०१२ पासून 'देन्शोशा' तयार करायला सुरुवात केली, म्हणजे आठवण पुढे नेणारी माणसं. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी गृहिणी, कुणी नोकरदार. एका वाचलेल्या माणसाजवळ बसून त्याची हकिगत ऐकायची, लिहून काढायची, त्याच्याकडून तपासून घ्यायची, आणि मग त्याच्या वतीने लोकांसमोर उभं राहायचं. आपल्याकडे कीर्तनकाराची गादी पुढे चालते, तसं मला हे वाटतं. मोतोमाची हायस्कूलची मुलं हेच काम रंगांनी करतात. २००७ पासून तिथले चित्रकलेचे विद्यार्थी वाचलेल्यांना भेटून त्यांनी पाहिलेलं कॅनव्हासवर उतरवतात. एकेका चित्राला महिनोन्‌महिने लागतात, कारण आजोबा म्हणतात आभाळ असं नव्हतं, की पुन्हा रंगवायचं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने अनोळखी म्हाताऱ्या माणसाची सगळ्यात वाईट सकाळ इतक्या जवळून बघायची! दुसऱ्याला समजून घेणं याहून वेगळं काय असतं, मला माहीत नाही.

सगळ्यात जास्त आदर मला एका वेगळ्याच गोष्टीचा वाटला. सहलीला पालक म्हणून मी सोबत गेले होते. बॉम्बच्या किरणोत्सर्गामुळे पुढे आजारी पडून बाराव्या वर्षी गेलेल्या, कागदी क्रौंच घडवणाऱ्या सादाकोच्या स्मारकाला तसेच क्रौंच वाहून झाल्यावर बाई मुलांना कोरियन मृतांच्या स्मारकापाशी घेऊन गेल्या. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. मजुरीसाठी आणलेली, पोटासाठी आलेली हजारो कोरियन माणसं याच शहरात मेली. हे स्मारक १९७० मध्ये उभारलं तेव्हा शांतता स्मारक उद्यानाच्या बाहेर, नदीपलीकडे होतं. आत यायला १९९९ उजाडलं. बाईंनी हे सरळ सांगितलं आणि मुलांना विचारलं, इतकी वर्षं बाहेर का राहिलं असेल? आपलं दुःख सांगताना आपण दुसऱ्याला दिलेलं दुःखही त्याच तासाला शिकवायचं, याला धीर लागतो. आपल्या शाळांत असा तास व्हावा असं मला मनापासून वाटतं.

आठवड्याने त्या वर्गाच्या चिठ्ठ्या घरी आल्या. बहुतेकांनी रांगोळीबद्दल लिहिलं होतं. खिडकीजवळच्या मुलाने एवढंच लिहिलं होतं: "पेढे वाटणाऱ्या लोकांना हा डबा माहीत होता का?"

रात्री बाबांना फोन केला आणि चिठ्ठी वाचून दाखवली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुडा मीच आणला होता. तुला आठवतंय?" मी म्हटलं, "हो बाबा." देशाने ती चाचणी करायला नको होती, असं ते आजही म्हणत नाहीत. त्यावर आमचं एकमत झालेलं नाही. पण डब्याबद्दल त्यांनी खूप विचारलं. मुलगा कितीवीत होता, आई पुढे जगली का, डबा संग्रहालयाला कुणी दिला.

दर ६ ऑगस्टला, बॉम्ब पडला त्या वेळेला, सव्वाआठला इथे स्मरणाची घंटा वाजते. इथले सव्वाआठ म्हणजे साताऱ्यात पहाटेचे पावणेपाच. यंदा त्या सकाळी मी नदीकाठी मुलीचा हात धरून उभी होते, तेवढ्यात फोन वाजला. बाबा होते.

"घंटा व्हायची आहे ना अजून? फोन चालू ठेव. मला ऐकायचीय."