रोबोट, बीड्स आणि धुणं
आज महापेच्या लॅबमधे पूर्ण दिवस रोबोटसमोर गेला. एका प्रोटीनला घट्ट चिकटणाऱ्या अँटीबॉडी शोधायच्यात, फेज डिस्प्लेने, म्हणजे फेजच्या (बॅक्टेरियात वाढणाऱ्या विषाणूंच्या) अंगावर अँटीबॉडी लावून. १९८५ मधे जॉर्ज स्मिथने काढलेली पद्धत, पुढे ग्रेग विंटरने ती अँटीबॉडीसाठी वापरली, दोघांना २०१८ चं नोबेल पण मिळालं, आणि संधिवाताचं औषध अडालिमुमॅब यातूनच आलं.

करायचं काय, तर अब्जावधी फेज, अंगावर वेगवेगळ्या अँटीबॉडी, ते टार्गेट (म्हणजे आपलं प्रोटीन) लावलेल्या मॅग्नेटिक बीड्सवर, बारीक चुंबकीय मण्यांवर, सोडायचे, न चिकटलेले धुवून काढायचे, उरलेले ई. कोलाय बॅक्टेरियात वाढवायचे आणि परत तेच, तीन-चार राउंड. सगळा खेळ धुण्याचा हो! हाताने केलं की माझं धुणं वेगळं, शेजारच्याचं वेगळं, आणि दुपारी जेवल्यावरचं तर विचारूच नका. रोबोट प्लेटखाली मॅग्नेट आणतो, बीड्स धरून ठेवतो आणि ९६ च्या ९६ खड्ड्यांत तेवढंच बफर (धुण्याचं द्रावण), तेवढाच वेळ.

नवीन ट्रेनी म्हणाला, मॅडम मग आपण काय करायचं? अरे, काही फेज टार्गेट सोडून नुसत्या बीड्सनाच चिकटतात, रोबोटला त्याचं काय, तो त्यांनाही तितक्याच प्रेमाने सांभाळतो! म्हणून आधी कोऱ्या बीड्सवरून फिरवून घ्यायचे, हे आपण ठरवायचं.

संध्याकाळी एलायझाची (अँटीबॉडी चिकटली की रंग येतो, ती चाचणी) प्लेट मस्त पिवळी झाली, पण कोऱ्या बीड्सचे काही खड्डे पण पिवळे. ते क्लोन (एकेका फेजपासून वाढवलेले) बाद. बाकीचे सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए वाचायला, देतोय, बऱ्याचदा एकच क्लोन परत परत निघतो, बघू आता वेगळे किती येतात.