बाबांचा ताप आणि नॉन-रिफंडेबल तिकीट

आज बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दिल्लीचं विमान गेलं, आम्ही नाही गेलो. परवा रात्री बाबांना १०३ ताप, डेंग्यू निघाला, मग कसलं विमान नि कसलं काय. कस्टमर केअरला फोन लावला तर एकच पालुपद, नॉन-रिफंडेबल आहे सर. बाबा सलाईन लावलेला हात हलवून म्हणूलालते, 'जाऊ दे रे पैसे.' का म्हणून जाऊ दे? विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएचा नियमच आहे, मूळ भाडं बुडालं तरी सरकारी टॅक्स आणि विमानतळाचं यूडीएफ, म्हणजे प्रवाशांकडून घेतलेलं विकास शुल्क, परत द्यावंच लागतं, असल्या तिकिटालासुद्धा! विमान सुटायच्या आधी कॅन्सल केलं, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून मेल टाकला, टॅक्सचे पैसे येणार म्हणून मेसेज आलाय. बाकीच्यासाठी मागे लागणारच. बाबांनी आत्ता वाटीभर पेज घेतली, बरं वाटलं बघा.