फ्रीमाँट ते अर्वाइन, मागे ट्रेलर

उन्हाळ्यात बिऱ्हाड हलवलं. सामान बेताचं, म्हणून ट्रक न घेता आमच्या एसयूव्हीमागे पाच बाय आठ फुटांचा भाड्याचा बंद ट्रेलर जोडला. अंतर चारशे मैलांच्या आसपास. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल, तेव्हा थांबे मिळून दहा तास धरा. आम्हाला बारा लागले, माझ्या घाईमुळे.

गाद्या आणि सोफा घरातून आधी बाहेर आले, म्हणून ट्रेलरमध्ये पुढे गेले. पुस्तकांचे खोके, वेट ग्राइंडर आणि तांदळाच्या गोण्या शेवटी, अगदी दाराशी. ६८० हायवेवर काही जाणवलं नाही. अल्टामाँटच्या पवनचक्क्या मागे पडल्या, उतार लागला, बाजूने वारा आला आणि ट्रेलर डोलायला लागला. आधी जरासा, मग कारची मागची बाजूच डावी-उजवीकडे ओढायला लागला. पाय ब्रेककडे गेला होता, तो कसाबसा आवरला. अशा वेळी ब्रेक दाबला की ट्रेलर आणखी बिथरतो. स्टिअरिंग सरळ धरून नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. वेग चाळिशीखाली आल्यावर शांत झालं.

ट्रेसीला उतरून एका रिकाम्या पार्किंगमध्ये थांबलो. बाबा बार्शीकडचे, लहानपणी बैलगाडी हाकलेले. दार उघडल्याबरोबर म्हणाले, "अरे, गाडी उलाळ भरलीयस की! जू वर उचलणारच."

उलाळ म्हणजे मागे जड. झालं होतं तेच. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचच्या (कारमागच्या जोडणीच्या) बॉलवर यायला हवा; त्यासाठी साधारण ६० टक्के सामान पुढच्या अर्ध्या भागात ठेवायचं, जड खोके तळाला, डावी-उजवी बाजू सारखी. उलाळ ट्रेलर तसाच सोडवायला जाऊ नका, कपलर (ट्रेलरचं त्या बॉलवर बसणारं तोंड) उसळून हनुवटीवर बसेल. आधी मागचं सामान उतरवा, चाकांना अडण लावा. आम्ही सगळं नव्याने भरून पट्ट्यांनी आवळलं आणि बाथरूमचा वजनकाटा (तोही एका खोक्यात तळाला!) कपलरखाली लाकडाचा ठोकळा ठेवून लावला. ट्रेलर सामानासकट अंदाजे १,७०० पौंड, काटा २१० वर. पण पुढे अतीही करू नका. कारची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटतं. कारची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते.

सेफ्टी चेन कपलरखाली फुलीसारख्या अडकवा. कपलर निसटलाच तर त्यांच्या झोळीत पडतो. टायरची हवा थंड असतानाच बघा, आणि पेट्रोलला थांबाल तेव्हा चाकाच्या मध्यभागी तळहात जवळ नेऊन पाहा. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार तापलं असेल तर बेअरिंग तपासून घ्या.

पुढे आय-५ हायवे सरळसोट, कंटाळवाणा. मग ग्रेपव्हाइनचा घाट; त्याच्या चढावर एसी बंद करण्याच्या पाट्या आहेत, त्या ऐका. तेहोन पास ४,१४४ फूट. तिथून उतरताना खालचा गिअर टाका, सारखा ब्रेक नको.

पेट्रोल पंपावर मात्र सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडता येईल तीच रांग धरा. मला ट्रेलर रिव्हर्स घ्यायला वीस मिनिटं लागली, आणि मागे हॉर्न वाजवणारे चारजण होते.