गिम्पमध्ये आठ टोकांची गोलसर चांदणी

गिम्प या मोफत चित्र-संपादन सॉफ्टवेअरच्या 2.10 आवृत्तीत आकार काढायला वेगळं टूल नाही. त्यामुळे बरेच जण पाथ टूलने एकेक बिंदू ठेवत चांदणी काढतात आणि एखादं टोक हमखास वाकडं राहतं. त्यापेक्षा दोन चौकोन घ्या, एक 45 अंशांत फिरवून दुसऱ्यावर ठेवा, चांदणी बिनचूक तयार. खरी कसरत पुढे, टोकं गोलसर करताना.

1000 बाय 1000 पिक्सेलची पांढरी इमेज घ्या, वर एक पारदर्शक लेयर (थर). चौकोनी सिलेक्शनच्या टूल ऑप्शन्समध्ये पोझिशन 220, 220 आणि साइज 560, 560 हे आकडे टाइप करा, माउसने ओढत बसू नका. काळा रंग भरा, कंट्रोल-शिफ्ट-ए दाबून सिलेक्शन सोडा आणि मग लेयरची प्रत काढा. सिलेक्शन तसंच राहिलं तर फिरवताना अख्ख्या लेयरऐवजी तेवढाच तुकडा उचलला जातो. प्रतीला रोटेट टूलने 45 अंश फिरवा, केंद्र 500, 500. आकडे समच हवेत. 561 चा चौकोन 220 वर बसवला की त्याचं केंद्र अर्धा पिक्सेल सरकतं आणि आठ टोकं सारखी राहत नाहीत.

पोकळ चांदणी हवी असेल तर सिलेक्शन ‘श्रिंक’ (आत आक्रसून लहान) करण्याचा मोह टाळा. त्यात आतली रेघ खाचांपाशी गोल वळते आणि टोकांपाशी मात्र टोकदारच राहते. त्याऐवजी 512 चा चौकोन 244, 244 वर घेऊन तीच कृती पांढऱ्या रंगात करा. या चांदणीच्या सगळ्या कडा केंद्रापासून सारख्याच अंतरावर असतात, म्हणून पट्टी सगळीकडे नेमकी 24 पिक्सेलची येते.

आता इमेज फ्लॅटन करा (सगळे लेयर एकत्र), प्रिसिजन, म्हणजे रंगांच्या छटांची बारकाई, 16 बिट करा (तिथल्या गॅमाच्या सेटिंगला हात लावू नका) आणि गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) द्या, दोन्ही दिशांना 12. चांदणी धुरकट दिसेल. मग लेव्हल्समध्ये (काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादा ठरवणारी खिडकी) इनपुटचे काळे-पांढरे त्रिकोण एकमेकांजवळ आणले की काठ पुन्हा स्वच्छ होतो, पण गोलाई घेऊन.

फसगत होते ती इथेच. त्रिकोण मधोमध, म्हणजे 255 पैकी 128 च्या आसपास आणायला जुने धडे सांगतात. पण 2.10 पासून ब्लरचं गणित लिनियर प्रकाशात, म्हणजे इमेजमधल्या आकड्यांऐवजी प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणात चालतं, त्यामुळे मूळ काठ 188 च्या आसपास सापडतो. 128 वर आणलं की चांदणी रोडावते आणि पातळ पट्टी तर तुटतेसुद्धा. 16 बिटमध्ये लेव्हल्सचे आकडे 0 ते 100 असे दिसतात, तिथे 188 म्हणजे जवळपास 74, म्हणून काळा 72 आणि पांढरा 75.5 ठेवा. दोघांत इतकं अंतर पुरतं. आणखी जवळ आणले तर काठाला पायऱ्या दिसतात, लांब ठेवले तर काठ मऊ पडतो. थ्रेशोल्ड वापरूच नका, तो मधल्या करड्या छटा काढून टाकतो आणि पायऱ्याच उरतात.

ब्लर किती द्यायचा? 12 च्या ब्लरला भरीव चांदणीचं टोक साधारण 9 पिक्सेल आत येतं, तेव्हा बाहेरचं माप नेमकं हवं असेल तर चौकोन थोडा मोठाच घ्या. पोकळ चांदणीत ब्लर पट्टीच्या निम्म्याच्या वर नेऊ नका. 24 च्या पट्टीला 20 चा ब्लर दिलात तर लेव्हल्सनंतर पट्टी चक्क गायब होते, कारण तिचा मधला भागसुद्धा पुरेसा काळा उरत नाही. शिवाय टोकं जास्त गोल होतात, खाचा कमी. टोकाचा कोन 90 अंशांचा, खाचेचा 135, म्हणून हा फरक राहणारच. मला तर तो बरा वाटतो, चांदणी फुगलेली दिसत नाही.

शेवटी ‘कलर टू अल्फा’ने पांढरा काढून तो भाग पारदर्शक करा, लेयरचा अल्फा (पारदर्शकता) लॉक करा आणि हवा तो रंग भरा. एक्स्पोर्ट पीएनजीतच करा, जेपेगमध्ये पारदर्शकता टिकत नाही.