इमॅन्सिपेशन पार्कमधली दुपार

आज जूनटीन्थ, अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीचा सण. ह्यूस्टनच्या इमॅन्सिपेशन पार्कात दुपारभर होतो. लिंकनचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३चा, पण इथे टेक्सासात, गॅल्व्हस्टनला मुक्तीचा हुकूम निघाला १९ जून १८६५ला. अडीच वर्षं! कापसाचे दोन हंगाम फुकट राबवून घेतलं या माणसांना... आणि त्यांनीच १८७२मध्ये वर्गणी काढून, ८०० डॉलरला ही दहा एकर जमीन घेतली. हा सण साजरा करायला हक्काची जागा हवी म्हणून.

शेजारच्या आजींनी लाल सरबताचा पेला हातात दिला. मी त्यांना जोतीरावांबद्दल सांगितलं, १८७३ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली ते. आजी म्हणाल्या, "नाव परत सांग." मग सावकाश स्वतःच म्हणून पाहिलं, "जो-ती-राव."