न्यायाधीशांची डुलकी आणि अस्वस्थ करणारे काही मराठी चित्रपट

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटात शेवटाकडे एक क्षण असा येतो की, चित्रपट संपला असे समजून प्रेक्षक चपला शोधू लागतात. उन्हाळी सुट्टीपूर्वीचे कामकाज आटोपते, माणसे निघून जातात, न्यायदालनातले दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. एखाद्या पुरस्कारपात्र, सद्हेतूने केलेल्या चित्रपटाने तिथेच थांबायला हरकत नव्हती. व्यवस्थेतला अंधार दाखवून झाला होता आणि प्रेक्षकाला हळहळत घरी जाता आले असते. मी तो पाहिला तेव्हा आसपासची काही माणसे उठलीही होती. पण त्या काळोखानंतर लख्ख उजेड येतो आणि आपण न्यायाधीश सदावर्ते यांच्याबरोबर, त्यांच्या गोतावळ्यासह, एका रिसॉर्टच्या सहलीला निघतो. तिथे हे गृहस्थ बोलण्यात अडचण असलेल्या एका मुलाच्या बापाला नाव बदलण्याचा आणि खड्याची अंगठी घालण्याचा सल्ला देतात. नंतर ते बागेतल्या बाकावर डुलकी काढतात, मुले जवळ येऊन ओरडतात, ते दचकून जागे होतात, हाताला लागलेल्या एका पोराला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटून घेतात. चित्रपट संपतो तो इथे.

या शेवटाबद्दल मी अनेकांशी वाद घातला आहे. ‘काहीच घडत नाही’ हा आक्षेप तर नेहमीचाच आहे. ज्यांना बाकीचा चित्रपट आवडला त्यांतल्याही काहींना हा भाग शेपटासारखा चिकटवलेला वाटतो. मला मात्र वाटते की, त्याआधीचा सगळा चित्रपट या काही मिनिटांची तयारी आहे. अस्वस्थ करणारा चित्रपट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रक्त, किंकाळ्या आणि विद्रूप चेहरे येतात. पण ज्या चित्रपटांनी मला खरोखर अस्वस्थ केले, त्यांनी मला काही भयंकर दाखवले असे क्वचितच झाले. त्यांनी प्रेक्षक म्हणून माझी जी सुरक्षित बैठक होती, ती काढून घेतली. अन्याय पाहणारा मनुष्य आपोआप न्यायाच्या बाजूचा असतो, हा समज ‘कोर्ट’ हळूहळू उसवत नेतो.

खटला असा आहे की, नारायण कांबळे नावाच्या वृद्ध लोकशाहिराने गायलेल्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा सरकार पक्षाचा दावा असतो. हा दावा मूर्खपणाचा आहे हे प्रेक्षकाला पहिल्या सुनावणीतच कळते, आणि तरीही सुनावण्या चालू राहतात. त्या कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते तेव्हा ती रडत नाही. नवरा गटारात उतरण्यापूर्वी झुरळ बाहेर येते का हे पाहायचा, वास सहन व्हावा म्हणून दारू पिऊन उतरायचा, वायूमुळे त्याचा एक डोळा गेला होता, अशी उत्तरे ती रेशनच्या दुकानात पत्ता सांगावा तशा स्वरात देत जाते. प्रत्यक्षात हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा सुधारित कायदा २०१३ मध्ये झाला होता, आणि हा चित्रपट जगापुढे आला त्याच वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला होता. चित्रपट यातले काहीच भाषणातून सांगत नाही. तो फक्त ती साक्ष पुरती ऐकवतो, आणि मग तारीख पडते.

त्यानंतर तो आपल्याला एकेकाच्या घरी नेतो. बचाव पक्षाचे वकील विनय व्होरा सुपरमार्केटमध्ये निवांत खरेदी करतात, आईवडिलांशी लग्नावरून वाद घालतात. सरकारी वकील नूतन लोकलमध्ये सहकारी बाईशी मधुमेह आणि स्वयंपाकाचे तेल यांवर बोलते, पाळणाघरातून मूल आणते, कणीक मळते, सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह परप्रांतीयांची टर उडवणारे नाटक पाहून हसते. गीतांजली कुलकर्णी यांनी ही नूतन अशी उभी केली आहे की, तिच्यावर चिडणे जमत नाही. ती कष्टाळू आहे, थकलेली आहे, आणि कांबळेला एकदाची वीस वर्षे देऊन मोकळे व्हावे असे ती सहज, डबा खाता खाता म्हणावे तसे म्हणून जाते. तिच्या जागी माझ्या नात्यातली, शेजारची, कार्यालयातली किती माणसे बसवता येतील, याचा हिशेब मी चित्रपटगृहातच करू लागलो होतो.

या चित्रपटावरचा एक आक्षेप मात्र मला पटतो. आपण सगळ्यांच्या घरी जातो, पण सुरुवातीची शिकवणी सोडली तर कांबळेच्या आयुष्यात फारसे शिरत नाही. ज्याच्यावर खटला आहे तोच सर्वांत दूरचा राहतो. कांबळेची भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः नागपूरचे कार्यकर्ते आणि कवी होते. २०२१ मध्ये करोनाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या चेहऱ्यावरच एवढा इतिहास होता की, कॅमेरा आणखी जवळ गेला असता तर बरे झाले असते असे मला दर वेळी वाटते. व्हेनिसचा पुरस्कार, राष्ट्रीय सुवर्णकमळ, ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका असे सगळे मिळूनही या चित्रपटाविषयी आपल्याकडे जे मौन आहे, त्याचे कारण कदाचित हे अंतर असेल. किंवा कदाचित ती थप्पड असेल.

नागराज मंजुळे यांनी हेच काम अधिक थेट हाताने केले. ‘फँड्री’मध्ये शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, डुकराच्या मागे धावणारे कैकाडी कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निसटून जाते, या प्रसंगाला प्रेक्षक हसतात. बांधलेले डुक्कर काठीवर लटकवून बापलेक शाळेच्या भिंतीवरून नेतात तेव्हा त्या भिंतीवर आंबेडकर आहेत, सावित्रीबाई आहेत, गाडगेबाबा आहेत. आणि शेवटी त्या कुटुंबातल्या जब्या या मुलाने भिरकावलेला दगड गावातल्या टवाळखोरांना न लागता कॅमेऱ्याच्या रोखाने येतो. मघाशी कोण हसले होते, हे त्या दगडाला ठाऊक असते. ‘सैराट’च्या निःशब्द शेवटाविषयी इतके लिहून झाले आहे की, मी त्यात भर घालत नाही. एवढेच म्हणतो की, गाण्यांवर नाचायला आलेल्या प्रेक्षकाला तिथवर नेणे हा मराठी चित्रपटातला सर्वांत धाडसी विश्वासघात होता, आणि हिंदी आवृत्तीने नायिकेला जिवंत ठेवून तो सौम्य केला.

याउलट, वादग्रस्त म्हणून गाजलेला प्रत्येक चित्रपट अस्वस्थ करतोच असे नाही. महेश मांजरेकर यांचा २०२२ मधला ‘नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा’ हा जयंत पवार यांच्या कथेवर आधारलेला चित्रपट झलक आली तेव्हापासूनच तक्रारींच्या आणि बातम्यांच्या भोवऱ्यात होता. त्यावर बंदीची मागणी करणाऱ्यांशी मी सहमत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पवारांच्या कथेत १९८२ च्या संपानंतर उद्ध्वस्त झालेले गिरणगाव मुलांच्या भाषेतून, त्यांच्या बेदरकारपणातून वर येते. गिरणीचा भोंगा बंद पडला, घरातला मिळवता माणूस गेला आणि मग त्या पोरांच्या वाट्याला काय उरले, हा प्रश्न हिंसेच्या तळाशी सतत वाहत राहतो. चित्रपटात तो तळ दिसेनासा होतो आणि वरची हिंसा तेवढी जवळून, ठसठशीत दिसते. त्यामुळे मी दचकलो, किळसलो, मान फिरवली. आणि मान फिरवता येणे ही प्रेक्षकाला दिलेली मोठीच सवलत असते, कारण त्या पोरांचा आणि माझा काही संबंध नाही असे मला सहज म्हणता आले. याच मांजरेकरांनी पवारांच्या ‘अधांतर’वरून ‘लालबाग परळ’ केला होता, तेव्हाही मला नाटकातल्या त्या एका खोलीची घुसमट अधिक आठवत राहिली होती.

हिंसेचा विषय असूनही मान फिरवू न देणारा चित्रपट म्हणून मला ‘आक्रीत’ आठवतो. अमोल पालेकर यांचे दिग्दर्शन असलेला हा पहिला चित्रपट १९८१ मधला. पटकथा विजय तेंडुलकरांची. आधार होता परभणी जिल्ह्यातल्या मानवत इथे १९७२ ते १९७४ या काळात झालेल्या बायका-मुलींच्या हत्यांचा, ज्यांनी त्या वेळी महाराष्ट्र हादरला होता. अलीकडे त्याच प्रकरणावर वेबमालिका आली आणि तपास करणारे रमाकांत कुलकर्णी तिच्या केंद्रस्थानी आले, तेव्हा ‘आक्रीत’चे नाव पुन्हा थोडेफार निघाले, एरवी तो विस्मरणातच गेला आहे. तपासाच्या कथेत प्रेक्षकाला पोलिसाच्या खांद्यावरून पाहता येते. कोडे सुटते, गुन्हेगार सापडतो आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. ‘आक्रीत’ आपल्याला त्या घरातच बसवतो जिथे हे ठरवले जाते.

आणि ठरवणारा चेहरा कोणाचा, तर अमोल पालेकरांचा. ‘रजनीगंधा’ आणि ‘गोलमाल’मधला तो साधा, लाजरा, बसच्या रांगेत उभा राहणारा नोकरदार, मध्यमवर्गाने ज्याला आपल्याच घरातला मुलगा मानले तो. त्याला गावातल्या सत्ताधाऱ्याच्या रूपात, आवाज न चढवता, मुलींच्या बळीला संमती देताना पाहणे हा अनुभव आजही अंगावर येतो. चित्रा पालेकरांची नायिका त्याहून गुंतागुंतीची आहे, कारण तिच्या क्रौर्याच्या मुळाशी तिची असुरक्षितता आहे: या माणसाच्या घरातली आपली जागा टिकावी म्हणून ती मांत्रिकाचे ऐकते. अंधश्रद्धा हे या गुन्ह्याचे कारण आहे असे म्हणून आपण विषय मिटवतो. चित्रपट मात्र दाखवतो की, मांत्रिकाने सांगितले म्हणून बळी गेले तरी, कोणाच्या मुली गेल्या तर गाव फार बोलणार नाही, हा हिशेब सत्तेनेच केलेला असतो. चित्रपट सदोष आहे. मधला भाग विस्कळीत वाटतो आणि काही दृश्ये रंगमंचावरून उचलल्यासारखी आहेत. तरी त्याचे हे अडगळीत जाणे मला दोषांमुळे झाले असे वाटत नाही. लाडक्या नटाला असे पाहायची आपली तयारी नव्हती.

उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’मध्ये गुन्हा नाही, गुन्हेगार नाही, व्यवस्थाही नाही, आणि म्हणूनच तो मला या सगळ्यांत अधिक त्रास देतो. २०१० मध्ये बर्लिनला दाखवला गेलेला, अमिताभ बच्चन यांच्या संस्थेची निर्मिती असलेला हा चित्रपट एवढे मोठे नाव पाठीशी असूनही मराठी प्रेक्षकांच्या मोठ्या वर्गापर्यंत पोचला नाही. समीर आणि नचिकेत हे मावसभाऊ. लग्नाच्या निमित्ताने घर माणसांनी भरलेले, बायकांची कामे आणि कुजबुज, मुलांची लपाछपी, आणि त्या गजबजाटात नचिकेत कशातच नसल्यासारखा. त्याला इथून निघून जायचे आहे, पण कुठे, हे तो धड सांगत नाही. मग एके दिवशी तो विहिरीत मृतावस्थेत सापडतो.

कठोपनिषदातला नचिकेत यमाच्या दारी जाऊन मृत्यूनंतर काय उरते असे विचारतो आणि उत्तर घेऊन परततो. इथला नचिकेत परतत नाही, आणि प्रश्न मागे राहिलेल्या, पोहणाऱ्या समीरच्या गळ्यात पडतो. सुधीर पलसाने यांचा कॅमेरा मोकळी माळराने आणि पाणी इतक्या संथपणे पाहतो की, समीरप्रमाणे आपणही प्रत्येक झाडामागे कोणी लपले आहे का हे पाहू लागतो. उत्तरार्धातला धनगर मला थोडा जास्तच शहाणा वाटतो. त्याच्या बोलण्यातून चित्रपट स्वतःचाच अर्थ लावायला निघतो, ज्याची मुळीच गरज नव्हती. समीर झालेल्या मदन देवधरचा चेहरा ते काम आधीच करत असतो.

घरी हा चित्रपट पाहिला तेव्हा शेवटची नामावली सरकत असतानाच वाद पेटला. माझ्या मावशीच्या मते मुलाने जीव दिला, यात शंकाच नाही, आणि आईबापांनी वेळीच लक्ष द्यायला हवे होते. माझा भाचा म्हणत होता की तो पोहायला शिकत होता आणि बुडाला, एवढेच. मावशींनी पुरावा म्हणून दोन भावांमधल्या एका संवादाकडे बोट दाखवले, आणि भाच्याने आपली बाजू मांडण्यासाठी जो प्रसंग मागे सरकवून पुन्हा लावला, तोही नेमका तोच संवाद होता.